किनोआ उपवासाला चालतो का?

आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री आमच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न आला, ‘किनोआ उपवासाला चालतो का?’ एरवी हा ग्रुप पाण्याचा टँकर आणि पार्किंग या दोनच विषयांवर चालतो. त्या रात्री मात्र अकरा वाजेपर्यंत फोन टुणटुणत होता. कुणी म्हणालं, दाणा आहे म्हणजे धान्य, नाही चालणार. कुणी म्हणालं, पाकिटावर ‘ग्लूटेन फ्री’ लिहिलंय, म्हणजे चालत असणार. शेवटी बी विंगमधल्या काकांनी निकाल दिला : ‘परदेशी वस्तू आहे, आपल्या शास्त्रात नाही. साबुदाणा खा, बटाटा खा. आपलं पारंपरिक काय कमी आहे?’ खाली पटापट अंगठे उमटले.

काकांशी ग्रुपवर वाद घालायची माझी हिंमत नाही. पुढच्या महिन्यात पडदे लावायला त्यांच्याकडूनच ड्रिल मागायचंय. म्हणून इथे लिहिते.

उपवासाची खिचडी घ्या. साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, बटाटा, हिरवी मिरची, जिरं, तूप, मीठ. यातल्या पहिल्या चार वस्तू ज्या रोपांपासून येतात, ती चारही रोपं मूळची अमेरिका खंडातली. बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातला, भुईमूग त्याच्याच आसपासचा, मिरची मेक्सिकोकडची आणि साबुदाण्याचा कंद ब्राझीलकडचा. कोलंबस १४९२ मध्ये तिकडच्या किनाऱ्याला लागला, त्याआधी ही चार रोपं आपल्याकडे कुणी पाहिली नव्हती. ज्ञानेश्वर आणि नामदेव तेराव्या शतकातले. त्यांची एकादशी खिचडीशिवायच झाली.

ताटात जरा पुढे सरका. रताळ्याचा कीस, मूळ अमेरिका. राजगिऱ्याचा लाडू, तेच. शेजारी कापून ठेवलेली पपई, पेरू, अननस, तेच. डहाणू-घोलवडचा चिकू, जो २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्याचाच अभिमान होता, तोही मेक्सिकोच्या बाजूचा. मग जुनं काय उरलं? तूप, दही, जिरं, भगर, शिंगाडा, केळं, नारळ.

आता ताटाबाहेर काय ठेवलंय ते बघा. तांदूळ, तूर, मूग, उडीद, मोहरी, कांदा, लसूण, आणि बऱ्याच घरांत हळदसुद्धा. हरियाणात फरमाणा नावाच्या गावी हडप्पाकाळातल्या मडक्यांवर चिकटून राहिलेल्या अन्नाचे सूक्ष्म कण तपासले, तेव्हा त्यात हळद आणि आलं सापडलं. चार हजारांहून जास्त वर्षांची ही हळद एकादशीला बाहेर बसते आणि पाचशे वर्षांची मिरची तुपात तडतडते.

हे उलटंपालटं कसं झालं? उत्तर ‘फराळ’ या शब्दातच आहे. फराळ म्हणजे फलाहार. (दिवाळीच्या फराळात फळ औषधालाही नसतं, तो भाग निराळा.) उपवासाचा मूळ नियम ‘अन्न नको’ असा होता आणि अन्न म्हणजे शेतात नांगरून पिकवलेलं धान्य, डाळी. त्याऐवजी फळं, कंद, दूध, रानात आपोआप येणारं काहीतरी. ऋषींसारखं एक दिवस जगून बघायचं, अशी कल्पना. ऋषिपंचमीला हा नियम आणखी कडक होतो : बैलाच्या श्रमाचं काहीही खायचं नाही. गंमत म्हणजे त्या दिवशीच्या ऋषीच्या भाजीत अळू आणि सुरणाबरोबर मक्याचं कणीस आणि लाल भोपळाही आवर्जून पडतो. दोन्ही अमेरिकेचे. कुठल्याही ऋषीला मका माहीत असण्याची सुतराम शक्यता नाही.

माझ्या मते गोष्ट अशी झाली असावी. नको असलेल्या धान्यांच्या याद्या तयार झाल्या तेव्हा बटाटा, भुईमूग, साबुदाणा यांचा इथे पत्ताच नव्हता. त्यामुळे ते मनाई केलेल्यांत नव्हते. पुढे ते आले तेव्हा लोकांनी एवढंच पाहिलं, की हे जमिनीखालून निघतंय, म्हणजे कंद. हे धान्यासारखं दळून आपण रोज खात नाही, म्हणजे अन्न नव्हे. आत या. एकदा दार उघडल्यावर पोट भरणाऱ्या, तळता येणाऱ्या, चविष्ट वस्तूंनी फलाहारातल्या बिचाऱ्या फळांना कोपऱ्यात ढकललं. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच नाही पडली.

यात साबुदाण्याची गोष्ट तर एखाद्या पुराणात शोभावी अशी. ‘साबु’ म्हणजे मलय भाषेतला ‘सागू’. आग्नेय आशियातल्या दलदलीत सागूचा माड वाढतो. फुलोऱ्यावर यायच्या बेतात असताना तो पाडायचा, खोड फोडायचं, आतला गर पाण्यात धुऊन सत्त्व काढायचं आणि त्याचे दाणे करायचे. पूर्वी बोटीतून यायचे ते हे दाणे. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानने सिंगापूर घेतलं आणि तिकडचा माल बंद झाला. तेव्हा, १९४३ च्या सुमारास, तमिळनाडूतल्या सेलममध्ये टॅपिओकाच्या कंदापासून तसेच दाणे काढायला सुरुवात झाली. हा कंद केरळात आधीच रुजला होता. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८० च्या दशकात त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं होतं. कंद सोलायचे, वाटून त्यांचं दूध काढायचं, ते हौदात निवळू द्यायचं, तळाशी बसलेला चीक ओलसर असतानाच कापडाच्या झोळीत हलवून त्याचे गोल दाणे पाडायचे, मग शेकायचे आणि उन्हात वाळवायचे. आज आपण विकत घेतो तो बहुतेक साबुदाणा याच भागातला आणि याच कंदाचा. थोडक्यात, काकांचा पारंपरिक साबुदाणा ‘चले जाव’च्या चळवळीपेक्षा वर्षभराने धाकटा आहे.

राजगिऱ्याची कथा याच्या उलट. तो मेक्सिकोतही देवाचाच होता. तिथले अ‍ॅझटेक लोक राजगिऱ्याचं पीठ घायपाताच्या किंवा मधाच्या पाकात मळून देवाच्या मूर्ती घडवत आणि मग त्या मूर्तीचे तुकडे वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना त्यात आपल्याच चर्चमधल्या प्रसादाची नक्कल दिसली आणि त्यांनी ते बंद पाडायचा चंग बांधला. तरी तिकडे आजही फुलवलेला राजगिरा पाकात घालून वड्या थापतात. नाव ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद. फोटो बघितला तर तुम्ही डोळे मिटून म्हणाल, ही तर आपली एकादशीची चिक्की. एका टोकाला जो दाणा देवाचा म्हणून हाकलला गेला, तोच दुसऱ्या टोकाला देवाच्या दिवशी चालणारा ठरला, आणि या दोन टोकांची एकमेकांशी ओळखही नव्हती.

हा सगळा माल इकडे आणला प्रामुख्याने पोर्तुगीजांनी. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, १५१० मध्ये गोवा गेलं, १५३४ मध्ये वसई. ठाणंही त्यांच्याच ताब्यात आलं आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत त्यांच्याकडेच होतं. म्हणजे जवळपास दोनशे वर्षं. आज ज्या भिंतींआड ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे, तो किल्ला त्यांनीच बांधायला घेतला होता. मासुंदा तलावाकाठचं सेंट जॉन चर्चही त्याच काळाची खूण. ब्राझीलला एक पाय आणि गोव्याला दुसरा, अशी त्यांची दर्यावर्दी सत्ता होती, त्यामुळे तिकडचं बी-बियाणं इकडे येणं ओघानेच आलं. बटाटा, पाव, काजू, अननस, पपई हे शब्द आपण त्यांच्याच तोंडून उचलले. हिंदीवाल्यांनी ‘आलू’ हा दुसऱ्या कंदांचा जुना शब्द बटाट्याला चिकटवला. आपण मात्र पाहुण्याचं नाव तसंच ठेवून त्याला घरात घेतलं.

सगळ्यांच्या बाबतीत तसं केलं नाही. भुईमूग या नावात परकेपणाचा वासही येत नाही. भुईतला मूग, संपला विषय. रताळं हे नाव ‘रक्तालु’पासून आलं आणि रक्तालु म्हणजे दुसराच एक लाल कंद. जुन्याची पाटी नव्याच्या दारावर लागली. आणि सीताफळ! वनस्पतिशास्त्रज्ञ ते अमेरिकेतलं मानतात. आपण त्याचं थेट रामायणात लग्न लावून दिलं, जोडीला रामफळही बसवलं.

पण नामकरणातली बाजी मारली मिरचीने. मिरची हे मिरीचंच नाव, थोडं बदलून. संस्कृतात मरीच म्हणजे काळी मिरी. मिरची आली, मिरीचं काम तिने घेतलं, जाताजाता नावही घेतलं.

हे नीट बघायचं असेल तर एप्रिलमध्ये वाशीला एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये जा. मी आणि आमच्या मजल्यावरच्या वहिनी दरवर्षी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून तुर्भ्याला उतरतो. पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. रंगाला बेडगी, ठसक्याला गुंटूर, मधेच संकेश्वरी. दहा मिनिटांत आपण सगळेच शिंकायला लागतो, हमाल सोडून. खरेदी झाली की गच्चीवर मिरच्यांना कडक ऊन द्यायचं आणि मग डंकावर नंबर लावायचा. खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत वर्षाचा मसाला अजून असाच होतो, आणि त्या मसाल्याशिवाय जवळा-बोंबलाच्या कालवणाची कल्पनाही कुणाला करवत नाही. पण तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याबद्दल लिहिलं, ते असं की इथे मिरी किंवा इतर मसाले पिकत नाहीत. मिरचीचं तर नावही तेव्हा इथे कुणाला ठाऊक नव्हतं.

मग तिखट खायचे कसे? चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला, त्यात राजाच्या जेवणाचं एक प्रकरणच आहे. (त्याची राजधानी कल्याणी. फास्ट लोकल थांबते ते कल्याण नव्हे, कर्नाटकातलं बसवकल्याण.) त्यात वडे आहेत, पुऱ्या आहेत, आजच्या मांड्यांचे पूर्वज आहेत, श्रीखंडासारखी शिखरिणी आहे, इडलीसारखी ‘इड्डरिका’ आहे, पण ती नुसत्या उडदाची. भाजलेले उंदीरही आहेत, ते मी आईंना सांगितलेलं नाही. मिरची मात्र कुठेच नाही. तिखटपणाला मिरी आणि आलं, स्वादाला हिंग आणि जिरं. मिरीला हवे सह्याद्रीचे दमट डोंगर, वेल चढवायला झाड आणि धीर. मिरचीला कुंडी पुरते. पेरली की काही महिन्यांत फळ धरते, वाळवली की वर्षभर टिकते, बी पाखरंही पसरवतात, कारण त्यांना तिचा तिखटपणा जाणवतच नाही. गरिबाला जे तिखट पूर्वी परवडत नव्हतं ते परसात उगवायला लागलं. मिरी आता सर्दीच्या काढ्यापुरती उरली.

इथे मला मराठी भाषाच आठवते. आपण ‘टेबल’ घेतलं आणि लगेच ‘टेबलाखाली’ म्हणू लागलो. ‘पेन’चं ‘पेनाने’ झालं. (‘बस’चं ‘बशीत’ झालं नाही, हे बरंच झालं.) शब्द बाहेरचा, पण त्याला लागणारा विभक्तीचा प्रत्यय आपला. स्वयंपाकघरातला हा प्रत्यय म्हणजे फोडणी. बटाटा पेरूतला असेना का, तुपात जिरं तडतडलं, त्यात मिरची पडली आणि वरून त्याच्या काचऱ्या टाकल्या की ते मराठी वाक्य झालं. म्हणून ‘मूळ भारतीय पदार्थ कोणते’ हा प्रश्न मला तितकासा कामाचा वाटत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी या आपल्या गावरान भाकऱ्यासुद्धा फार पूर्वी आफ्रिकेतून आलेल्या दाण्यांच्या आहेत. कोणती वस्तू कुठल्या खणात ठेवायची आणि तिला कोणता प्रत्यय लावायचा, हे ठरवण्याची रीत मात्र आपली आहे, आणि तीच जुनी आहे.

ही रीतही सगळ्यांची एक नाही. आमच्या मजल्यावर चार दारं आहेत. समोरच्या जैन कुटुंबात बटाटा, रताळं, गाजर कधीच येत नाही. जमिनीखालच्या कंदात अनंत जीव असतात, असं ते मानतात. भात-वरण त्यांना चालतं. म्हणजे आमच्या उपवासाचं ताट त्यांना रोजच वर्ज्य आणि त्यांचं रोजचं ताट आम्हाला एकादशीला वर्ज्य. तिसऱ्या दाराआडचं तमिळ कुटुंब व्रताच्या रात्री डोसा खातं, कारण त्यांच्यात टाळायचा असतो तो शिजवलेला भात. फलाहारापासूनच निघालेला त्यांचा ‘पलहारम’ हा शब्द इडली-डोशासारख्या खाण्याला लावतात. पुरीच्या जगन्नाथाच्या स्वयंपाकघरात तर बटाटा, टोमॅटो, मिरची, फ्लॉवर, कोबी यांना आजही मज्जाव आहे. तिथली यादी जणू पोर्तुगीज यायच्या आधीच मिटून ठेवली. आणि त्याच पुरीत एकादशीलाही भाताचा महाप्रसाद खातात. कोण बरोबर? मला विचाराल तर चौथ्या दाराआड राहणारे दोघे, जे एकादशीला बाहेरून बिर्याणी मागवतात आणि डबा गुपचूप खाली नेऊन टाकतात, ते सोडून सगळेच.

मिठाचं बघा. आईंना उपवासाला सैंधव लागतं. सैंधव म्हणजे सिंधू देशातलं, आणि ते पूर्वापार येत आलं खेवड्यासारख्या खाणींतून, ज्या आता पाकिस्तानच्या पंजाबात आहेत. आपल्या खाडीच्या दोन्ही काठांवर मिठागरं. आगरी हे नावच मुळी आगरावरून, म्हणजे मिठाच्या आगरावरून पडलं. पण पायाशी पिकणारं हे मीठ एकादशीला कमी पवित्र आणि सरहद्दीपलीकडचं दगडी मीठ जास्त.

एक गोष्ट मात्र मला खटकते. थंडीत जांभळी नाक्याच्या बाजारात आदिवासी बायका गोणपाटावर करांदे, कोनफळं, कणगरं घेऊन बसतात. शहापूर, मुरबाडकडच्या रानातून काढून आणलेली. यातला करांदा तर अस्सल इथल्या रानातला. ऋषींच्या आहाराची जी कल्पना आपण उपवासात रंगवतो, तिच्या सगळ्यात जवळ पोचणारं अन्न आजही खातात ते कातकरी आणि वारली लोक. पण त्यांच्या चुलीला शास्त्रोक्त म्हणायला कुणी जात नाही. आम्ही करांद्यांचा भाव करतो, दहा रुपये कमी करून घेतो, आणि एकादशीसाठी शेजारच्या दुकानातून सेलमचा साबुदाणा उचलतो. जुने पाकग्रंथ राजांनी आणि पंडितांनी लिहिले. त्यांत राजाचे मांडे आहेत. ज्या बाईने ते भाजले, तिने स्वतः त्या रात्री काय खाल्लं, ते कुणी टिपून ठेवलं नाही.

तर किनोआ. तो अँडीज पर्वतातला, म्हणजे बटाट्याच्या गावचा. गव्हा-तांदळासारखं ते गवताचं बी नव्हे, आपल्या चाकवताच्या सख्ख्या बहिणीचं बी आहे, आणि राजगिरा त्याच कुळातला. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१३ हे वर्ष किनोआच्या नावाने साजरं केलं, तेव्हापासून तो मॉलमध्ये दिसायला लागला. भावाबद्दल बोलायलाच नको.

एकादशीच्या सकाळी मी वाटीभर किनोआ धुवायला घेतला. त्याच्या सालीत कडू द्रव्य असतं, रिठ्यात असतं तसलं. त्यामुळे पाण्याला फेस येतो आणि तीन-चार पाण्यांनी तो चांगला चोळावा लागतो. आई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. ऐंशी पार केल्यात, पण स्वयंपाकघरातला अनोळखी फेस त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

‘हे काय गं?’

‘किनोआ, आई. अमेरिकेतला आहे.’

त्यांनी चिमूटभर दाणे तळहातावर घेतले, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेले. ‘राजगिऱ्याचा भाऊबंद दिसतोय,’ म्हणाल्या. मग भांडं माझ्या हातातून घेऊन स्वतः चौथं पाणी घातलं.

तुपात जिरं, मिरची, बटाट्याच्या फोडी, शिजलेला किनोआ, कूट, सैंधव. झाकण ठेवून एक वाफ. पांडुरंगाला नैवेद्य दाखवून आईंनी बशीत घेतला, दोन घास खाल्ले, तिसरा घेतला.

‘पुढच्या एकादशीला,’ त्या म्हणाल्या, ‘कूट जरा जास्त घाल.’